रिकाम्या शेडमधला निरोप

नविन घोलवडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठवडाभर चिकू निवडतो आणि रविवारी तिथेच आपल्या बँडबरोबर ड्रम वाजवतो. बँडचा शेवटचा अल्बमही इथेच रेकॉर्ड झाला. चिकूने भरलेले क्रेट घुमणारा आवाज गिळायचे. बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात एकदा मनासारखं वाजवायचं, एवढंच त्याला हवं होतं. लोकांना जागा व्हावी म्हणून सकाळी त्यानेच सगळा माल ट्रकवर चढवला.

लोक आले थोडेच. पहिल्या ठोक्यालाच पत्रे घुमले आणि बँडची गायिका भाविनी हिचं गाणं त्यात बुडालं.

"काय रे नविन, मालाबरोबर माझा आवाजपण पाठवलास का?" ती माइकवरून म्हणाली. लोक हसले.

नविनने काठ्या खाली ठेवल्या. "तू गा. अल्बममध्ये आहे मी."

ती एकटी गायली. दुखरे खांदे भिंतीला टेकवून तो ऐकत राहिला.