सतरा नंबरचा बेड

शैला गेल्याचं मला मुलुंडच्या पोस्टात कळलं. लेकीला पुण्याला आमसुलं पाठवायची होती, काउंटरवरचं मशीन बंद पडलेलं आणि माझ्यापुढे नऊ माणसं. तेवढ्यात अमेयचा, म्हणजे तिच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली... चहा पिता पिता." खरं सांगते, तेव्हा मी रडले नाही. पार्सल छातीशी धरून रांगेत तशीच उभी राहिले. मागचे गृहस्थ दोनदा म्हणाले, ताई, पुढे सरका. मी सरकले. माझा नंबर आला, पार्सल दिलं, पावती घेतली आणि मग बाहेर पायरीवर बसून पोटभर रडले. शैलाला हे कळलं असतं तर तिने आधी विचारलं असतं की एक मशीन बंद असताना दुसऱ्या काउंटरवरचा माणूस जेवायला गेलाच कसा. कारण डॉ. शैला राणे या बाईचा आयुष्यभराचा विषय एकच होता, रांग. माणसं कुठे खोळंबतात, किती खोळंबतात आणि ते कमी कसं करता येईल, याचं ती गणित मांडायची.

आम्ही दोघी घाटकोपरच्या एकाच चाळीतल्या. दोघींचे बाप गिरणीत, दोघींची गावं मालवणकडची, आणि साम्य तिथेच संपलं. मी नर्सिंगला गेले, ती गणितात डॉक्टर होऊन पवईच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली. रांगेत उभं राहायचा पगार मिळतो हे आधी सांगितलं असतंस तर मी कशाला पाळ्या करत बसले असते, असं मी तिला नेहमी म्हणायचे. तिच्याबरोबर लग्नाला जाणं ही शिक्षा असायची. जेवणाच्या टेबलांकडे बघून ती केटररला गाठायची आणि पुऱ्या शेवटी ठेवा, लोक पुऱ्यांपाशी रेंगाळतात, असं समजावायची. अमेयच्या लग्नात तर तिने स्वतः आखणी करून दोन रांगा केल्या, मधून एक वळण काढलं. आमचे सासरे त्या वळणावर चुकले आणि दोनदा श्रीखंड घेऊन बाहेर पडले. भाजी म्हणून काही असते हे त्यांना घरी आल्यावर कळलं. शैला म्हणाली, नव्वद टक्के लोक नीट जेवले की नाही? सासरे उरलेल्या दहात होते.

मी मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बायकांच्या मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. तिथे नवे सुपरिंटेंडंट आले आणि त्यांनी हॉस्पिटलचा कारभार गणिताने सुधारायचं मनावर घेतलं. कॉलेजातून कोण येणार, तर शैला. मला काय आनंद झाला होता. पहिल्या आठवड्यात तिच्या गळ्यातल्या कार्डावरचं 'डॉ.' वाचून पेशंट तिला गुडघे दाखवायला लागले. मी गणिताची डॉक्टर आहे, असं तिने एका आजींना सांगितलं. आजी शांतपणे म्हणाल्या, "मग बघा की, किती दिवस उरलेत ते."

सुरुवात तिने ओपीडीपासून केली आणि तिथेच सपशेल तोंडावर पडली. सकाळी सहापासून बाकांवर किती जण नंबर लावतात हे तिने चार दिवस मोजलं आणि अहवाल केला की निम्मे पेशंट कंटाळून डॉक्टरांना न भेटताच निघून जातात, ही फार गंभीर गोष्ट आहे. मला वाचायला दिला. मी हसून हसून बेजार. अगं, तू मोजलीस ती माणसं नव्हेत, पिशव्या आहेत, मी म्हटलं. आमच्याकडे एक बाई पहाटे येते आणि स्वतःची फाईल, शेजारणीची पिशवी, सासूची पाण्याची बाटली अशा तीन जागा धरते. शिवाय हाडांच्या रांगेत एक चप्पल, डोळ्यांच्या रांगेत दुसरी. जिथे आधी नंबर येईल तिथलं दुखणं आधी. शैलाने बाटल्यांना पेशंट धरलं होतं. दुसरं कुणी रागावलं असतं. तिने अहवाल तिथल्या तिथे टराटरा फाडला आणि म्हणाली, "कुमुद, तुझ्याशिवाय हे मला जमायचं नाही. जे दिसतं ते नसतं इथे." मी अशी फुशारले की काय सांगू. आणि याच फुशारकीत तिला वॉर्डची तीन महिन्यांची रजिस्टरं काढून दिली.

आता मला एक कबुली द्यायची आहे. निवृत्त झाल्यामुळे माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही. आम्ही इनचार्ज सिस्टर एक बेड लपवायचो. बायकांच्या चारही वॉर्डांत हे चालायचं आणि कुणी कुणाला बोलायचं नाही. माझा सतरा नंबर, खांबामागचा. गादी गुंडाळायची, वर 'दुरुस्ती'ची पाटी ठेवायची आणि खाली कॅज्युअल्टीला वॉर्ड भरला म्हणून कळवायचं. संध्याकाळी कुणी खरंच वाईट अवस्थेत आलं की सतरा नंबर दुरुस्त व्हायचा. सकाळी डिस्चार्ज झाले की तिथल्या पेशंटला मोकळ्या बेडवर हलवायचं आणि सतरा नंबर पुन्हा मोडायचा. माझ्या सिनिअरने मला हे शिकवलं, मी माझ्या धाकट्यांना शिकवलं.

शैला दुपारी सिस्टर्स रूममध्ये आली तेव्हा मी डबा उघडला होता. ती समोर बसली, माझ्या डब्यातली तोंडली खाल्ली आणि म्हणाली, "तुझा सतरा नंबर रोज सकाळी मोडतो आणि संध्याकाळी बरा होतो. पेशंटपेक्षा त्याचीच तब्येत नाजूक दिसते गं." मी डब्याचं झाकण लावलं. हे तू लिहिणार का, विचारलं. लिहावं लागेल, ती म्हणाली. मला निवृत्तीला दीड वर्ष होतं. पण मेमोची भीती एवढी नव्हती. माझ्या मैत्रिणीने मला खोटारडी ठरवलं, हे झोंबलं. मी तिला सुनावलं. नोकरी नवी असताना धाप लागलेली एक मुलगी माझ्या वॉर्डात आली होती. बेड नव्हता. दोन बेडच्या मध्ये जमिनीवर चादर टाकून मी तिला निजवलं आणि ती तिथेच, माझ्या पायाशी गेली. त्या दिवसापासून माझा वॉर्ड कधी पूर्ण भरलेला नाही आणि भरू देणारही नाही, तू तुझी गणितं कॉलेजात मांड. शैला हळूच म्हणाली, "आणि आत्ता खाली ट्रॉलीवर दोघी आहेत, त्यांना बघितलंस?" मी तिला बाहेर काढलं. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. साठीला टेकलेल्या दोन बायका कॉरिडॉरमध्ये एकमेकींना बघून शाळकरी पोरींसारख्या माना फिरवायच्या. ती माझ्या वॉर्डात आली की मी थर्मामीटर मोजायला घ्यायचे.

एक दिवस तिला खोटं पाडायचं म्हणून मी खाली गेले. ट्रॉलीवर कोळीवाड्यातली एक मावशी होती. ट्रॉली आखूड, पाय बाहेर लोंबकळणारे, सून सलाईनची बाटली हातात वर धरून उभी. सकाळी सातपासून, सून म्हणाली. दुपारचे दोन वाजत आले होते. सून हात बदलायची, पण बाटली खाली येऊ द्यायची नाही. मावशीने माझा युनिफॉर्म बघून विचारलं, "बाय, वर जागा नाय का?" आणि मी म्हटलं, नाही. इतकं सोपं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. वर आले, गुंडाळलेली गादी सोडली, पाटी कपाटात टाकली आणि त्या मावशीला वर बोलावून घेतलं. सतरा नंबर त्या दिवशी दुपारी दोनलाच बरा झाला. मी शैलाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, रजिस्टर ती रोज बघत होती.

सुपरिंटेंडंटांच्या मीटिंगला आम्ही सगळ्या सिस्टर्स बळीच्या बकऱ्यांसारख्या रांगेत बसलो होतो. शैलाने फळ्यावर चार चौकोन काढले आणि सांगितलं की चार वॉर्डांत चार बेड राखीव असतात आणि ही चोरी नाही. अनुभवी सिस्टरला माहीत असतं की संध्याकाळी कुणीतरी येणारच. फक्त चारही वॉर्डांना एकाच दिवशी गरज पडत नाही. म्हणून चौघींनी चार लपवण्यापेक्षा चौघींत मिळून दोन उघड राखले तरी पुरतात, आणि बाकीचे दोन खालच्या ट्रॉलीवरच्यांना मिळतात. साहेबांना गणितापेक्षा नावांत रस होता. लपवतं कोण, त्यांनी विचारलं. "गणितात नावं नसतात, सर," शैला म्हणाली, "आणि हे दोन बेड कुणाला द्यायचे ते सिस्टर्स ठरवतील. ऑफिस नाही. नाहीतर त्या पुन्हा लपवतील आणि मला पुन्हा यावं लागेल." मी मान खाली घातली होती. डोळे भरले होते म्हणून.

ही पद्धत सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मी त्या दोनांखेरीज आणखी एक लपवला. सवय काय लगेच जाते? तिसऱ्या दिवशी शैलाचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "कुमुद, सतरा." मी म्हटलं, गादी धुवायला टाकलीय. बरं, वाळली की कळव, म्हणून तिने फोन ठेवला. अर्ध्या तासात गादी वाळली.

मी निवृत्त झाले, ती निवृत्त झाली, नाहूरला आम्ही दोन इमारतींच्या अंतरावर राहायला लागलो. गेल्या थंडीत एका दुपारी तिला छातीत दुखायला लागलं. अमेय आणि मी तिला आमच्याच हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीत पहिले उपचार झाले, डॉक्टर म्हणाले तूर्त धोका नाही, पण वर ठेवायला हवं. वर बेड नव्हता. राखीव दोनपैकी एक सकाळीच गेला होता आणि दुसरा आमच्यासमोर एका जास्त दम लागलेल्या बाईला दिला. शैला ट्रॉलीवर. माझी शैला... मी कोपऱ्यात जाऊन वॉर्डच्या आताच्या इनचार्जला फोन लावला. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. मी तिला म्हटलं, बाळा, एखादा काढ गं. ती बिचारी रडवेली झाली. "मॅडम, आता लपवलेला नसतो. तुम्हीच बंद केलंत ना." त्या मीटिंगनंतर पहिल्यांदा मला त्या गणिताचा आणि ते मांडणारणीचा संताप आला. परत आले तर शैला माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. "नाही म्हणाली?" तिने विचारलं. मी मान हलवली. तर ही बाई, छातीला वायरी लावलेल्या अवस्थेत, खूश होऊन हसायला लागली. मॉनिटर ओरडायला लागला, डॉक्टर धावत आले. ते गेल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "गप रव गो. चालतंय ते." दीड तासाने बेड मिळाला. तो दीड तास मी तिच्या उशाशी उभी होते आणि मला वाटत होतं, माझ्याकडे एक तरी असायला हवा होता.

तिथून ती बरी होऊन घरी आली, महिनाभर माझ्याशी भांडली आणि एक दिवस चहा पिता पिता गेली. त्या वेळी कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही. बेडचा प्रश्न आला नाही.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. सांगून कधीच नाही, आणि आम्ही अर्धे जेवून झाल्यावर. आमच्याकडे सुरमई तळली की ताटात पडायच्या आत संपते, म्हणून मी आधीच दोन तुकड्या बाजूला काढून डब्यांच्या मागे वाटीखाली झाकून ठेवायचे. हे शैलालाही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, या घरात मासे उरतातच. परवाच्या रविवारी आमचे हे पाणी घ्यायला आत आले आणि त्यांनी मला वाटी झाकताना बघितलं. त्यांनी विचारलं, हे कुणासाठी? मी म्हटलं, असू दे, कुणी आलं तर. त्यांनी वाटीकडे बघितलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर जाऊन मुलांना सांगितलं की सुरमई संपली.