पाठीचे दगड

शनिवारी सकाळी अकरा वाजता सांगलीत कॉलेजच्या अंगणात कमान पडली. वडिलांच्या हाताची दोन बोटं दगडाखाली गेली. मी दहा पावलांवर उभी होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते. आम्ही पाथरवट, गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं. पाटे, वरवंटे, जाती, उंबरे, विहिरींची बांधकामं. माझे वडील, आबा, दगडावर तळवा फिरवून तो कुठं फुटेल ते सांगायचे. हॉस्टेलवर मी सांगितलं होतं, वडील कॉन्ट्रॅक्टर आहेत. असं एकदा सांगितलं की रोज सांभाळावं लागतं. वाचनालयातली पुस्तकं वाचून मी माझी भाषा घासून घेतली होती. तोंडातलं 'हाय' गेलं, 'न्हाई' गेलं. म्हणून तर कार्यक्रमांचे आभार मानायचं काम माझ्याकडं यायचं.

कॉलेजात दरवर्षी व्याख्यानमाला व्हायची. तिथं फीत कापत नसत, ती गावंढळ रीत. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातून काहीतरी बांधकामाचं करून घ्यायचं. आदल्या वर्षी पाहुण्यांनी भिंतीतली शेवटची वीट बसवली होती. या वर्षी दगडाची कमान ठरली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते घडलेले दगड. खाली लाकडी आधार. पाहुण्यांनी दोरी ओढायची, पाचर निघेल, आधार खाली बसेल, कमान आपली आपण उभी राहील. मग टाळ्या.

विभागप्रमुख सरांनी अभ्यासदौऱ्यात आमच्या भागातली एक विहीर पाहिली होती. तिची कमान बांधणाऱ्याला त्यांनी निरोप धाडून बोलावलं. तो माझा बाप आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याचं आडनाव विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती.

आबा नवं धोतर नेसून आले. मी त्यांना फाटकाबाहेर गाठलं आणि सांगितलं, इथं मला ओळख दाखवू नका. त्यांनी हातातली हत्यारांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "बरं."

चार दिवस ते अंगणात दगड घडत होते. मी येता-जाता त्यांच्या छिन्नीचा आवाज ऐकत होते. मुलं त्यांना मामा म्हणायची. मामा, जरा बाजूला व्हा, फोटो घ्यायचाय. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच-सहा जण पायरीवर बसलो होतो. आबा आले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "आवं बाई, पानी मिळंल का?"

आमच्यात काचेच्या ग्लासांचा ट्रे होता, पाहुण्यांसाठी धुऊन ठेवलेला. विद्यार्थी सचिवानं ट्रे स्वतःकडं ओढून घेतला. हा मुलगा सांगलीतल्या बड्या हळद व्यापाऱ्याचा. तो काही बोलला नाही. बोलले मी.

"नळ तिकडं आहे."

बागेचा नळ. पाइप काढून आबा ओंजळीनं पाणी प्याले. मी पुस्तकात डोकं घातलं.

शनिवारी सकाळी सचिवाला दिसलं की कमानीच्या दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांमुळं मागचा बॅनर झाकला जातोय. त्यानं मुलांना ते दगड काढायला लावलं. आबा चहा घेऊन परत आले तेव्हा निम्मे निघाले होते.

"पाठीचं दगड काढू नगासा," ते सरांना म्हणाले. "पाठीला भार न्हाई तर कमान फाकंल."

सर हसले. म्हणाले, मामा, हे आम्ही गणितानं काढतो. आबांनी तेच पुन्हा सांगितलं. सचिव म्हणाला, "यांना मास्तर करून घ्या सर, पगार कमी लागेल." सगळे हसले. उरलेले दगडही निघाले.

कमान बाजूंना किती जोर लावते त्याचं गणित आम्हाला त्याच वर्षी होतं. त्या विषयात मी वर्गात पहिली आले होते. आबा बरोबर आहेत हे त्या अंगणात मला सगळ्यांत नीट कळत होतं. मी आभाराचा कागद हातात धरून उभी राहिले.

पाहुणे पुण्याचे, नावाजलेले. त्यांनी दोरी ओढली. आधार खाली बसला. टाळ्या सुरू झाल्या आणि कमान फाकायला लागली. आबा धावले. पाहुणे कमानीच्या अगदी पुढं होते. आबांनी दोन्ही हात लावून कमानीच्या खांद्याचा दगड धरला, पाहुणे मागं सरेपर्यंत धरला, मग तो सुटला.

पाहुण्यांच्या कुर्त्यावर धूळ बसली होती. सगळे त्यांच्याकडं धावले. ट्रेमधला पहिला ग्लास त्यांना दिला. आबांचा हात वॉचमननं स्वतःच्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि त्यांना रिक्षात घालून मिरजेला दवाखान्यात नेलं. आबांनी जाताना मागं वळून माझ्याकडं पाहिलं नाही. दिलेला शब्द त्यांनी तेव्हाही पाळला.

सर म्हणाले, कार्यक्रम थांबवायचा नाही.

सभागृहात अंधार करून स्लाइड लावल्या. पाहुणे तासभर बोलले. विषय होता खेड्यातलं बांधकाम. पडद्यावर एकामागून एक घाट, बारवा, घरं येत होती. ते म्हणाले, "हे बांधणाऱ्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत, आणि तेच त्यांचं सौंदर्य आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले.

दिवे लागले. सरांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हे शेवटी वाच. मी माइकसमोर गेले. पाहुण्यांचे, प्राचार्यांचे, फुलं देणाऱ्याचे, मांडववाल्याचे आभार मानले. मग चिठ्ठी उघडली. त्यात एक वाक्य होतं. कारागिराच्या निष्काळजीपणामुळं झालेल्या प्रकाराबद्दल कॉलेज दिलगीर आहे.

मी ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं. सभागृहात लोक उठायच्या तयारीत होते.

मी म्हणाले, "त्या कारागिराचं नाव मारुती. ते माझे वडील हायेत. पाठीचे दगड काढू नका असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी तिथंच उभी होते. मला कळत होतं."

सरांनी कुणाला तरी खूण केली. माइक बंद झाला. मागून सचिवाचा आवाज आला, "तरीच हिची मॉडेलं मजबूत असतात." हसू उसळलं. पाहुणे शालीची घडी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी मिरजेला पोचले तेव्हा दुपार उलटली होती. आबा खाटेवर होते. मी काय केलं ते सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"कशाला बोललीस?" ते म्हणाले. "आता तुला तितं ठिवत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी सर टाइप केलेला जबाब घेऊन दवाखान्यात आले. मी खाली औषधं आणायला गेले होते. चूक माझी होती, कॉलेजची काही जबाबदारी नाही, असं त्यात आबांच्या नावानं लिहिलं होतं. मुलीचं नाव पटावर राहील, असं सर म्हणाले. आबांना सही येत होती. उजवा हात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. मी वर आले तेव्हा ते अंगठ्याची शाई चादरीला पुसत होते.

त्या अंगठ्यावर मी पदवी घेतली. हे मी कुठल्याही चांगल्या शब्दात सांगू शकत नाही.

आबांनी पुन्हा छिन्नी धरली नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणायचे, माझ्याच हातनं चुकलं. इतकी वर्षं म्हणत राहिले, की आई सोडून सगळ्यांना ते खरं वाटायला लागलं. गेल्या महिन्यात ते गेले. दहाव्याला भावकीतला एक म्हातारा म्हणाला, मारुती गुणी माणूस, पण सांगलीत चुकला.

मी तिथं सगळ्यांसमोर सांगितलं, आबा चुकले नव्हते. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला पटलं नाही.

गेल्या आठवड्यात मी कॉलेजात गेले. जिन्यात त्या कमानीचा फोटो लावला आहे. दोरी ओढण्याआधीचा. खाली लिहिलं आहे, विद्यार्थ्यांनी उभारलेली कमान. मी कार्यालयात लेखी अर्ज दिला. फोटोखाली मारुती पाथरवट हे नाव लिहा आणि तो जबाब खोटा होता अशी नोंद करा. कारकुनानं अर्ज वाचून परत केला. मी तोच अर्ज रजिस्टर टपालानं पाठवला. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवणार आहे. नोंद होईपर्यंत दर महिन्याला.

आबा नाहीत. त्यांचा हातोडा आईकडं आहे. आभाराचा कागद माझ्याकडं आहे, त्याला ती चिठ्ठी टाचलेली आहे. त्यातलं वाक्य मी मोठ्यानं वाचलेलं नाही.