सुभेदारांचे यकृत

सुभेदार निकम दवाखान्याच्या दारात टाचा जुळवून उभे राहत आणि मी ‘या’ म्हणेपर्यंत आत येत नसत. माझे ‘या’ मलाच जेमतेम ऐकू येई. त्यामुळे आम्ही दोघेही बराच वेळ एकमेकांची वाट पाहत असू. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पदव्या गोळा करता करता मी चाळिशी ओलांडली होती आणि इस्लामपुरात नुकताच दवाखाना उघडला होता.

उंब्रजचे हे निवृत्त सुभेदार अंगाने काटकुळे. तरी त्यांना मधुमेह होता आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. दारूविषयी विचारण्याचा मला संकोच वाटला. फौजी माणूस, त्यातून पिशवीत साताऱ्याच्या कॅन्टीनमधली रमची बाटली. मी न विचारताच कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘मद्यपान: नियमित’.

आठवड्याने ते परत आले. सुनेने तो कागद घरात वाचून दाखवला होता आणि तेव्हापासून त्यांच्या पत्नी, हौसाबाई, त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

“बाटली मी आणतो, पितो मेव्हणा,” ते म्हणाले. “पन मेव्हण्याची साक्ष घरात कोन धरतंय? डाक्टर, तीस वर्सं मी मुलखाबाहेर काढली, तिनं कवा संशय घेतला न्हाई. तुमच्या एका वळीनं घेतला.”

जे आधी विचारायचे ते मी तेव्हा विचारले: घरात आणखी कोणाला साखर? वडिलांना होती, थोरल्या बहिणीला होती. त्या आक्कांना बोलावले. काडीसारख्या, चहापलीकडे कशालाही न शिवलेल्या. यकृत मात्र हुबेहूब भावाचे.

मग उंब्रजला जाऊन मी पाठ केलेले व्याख्यान दिले: शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, चरबी यकृतात साठते, ही प्रवृत्ती पुष्कळदा रक्तातूनच येते. हौसाबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजी ह्यांनी घेतली न्हाई?”

“नाही. चूक माझी.” एवढे सोपे वाक्य माझ्या व्याख्यानात नव्हतेच.

त्यांनी नवऱ्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला आणि कित्येक दिवसांनी त्यांच्याकडे पाहत विचारले, “आवं, मग पोरांस्नीबी ह्ये येनार?”

पुढच्या सोमवारी सुभेदारांनी तिन्ही मुलगे उपाशीपोटी हजर केले. दोघे सुटले, थोरल्याची साखर वाढलेली निघाली. कोणापुढे कधी मान न झुकवणारे सुभेदार खाली पाहत म्हणाले, “माझ्याकडनं आलं रं, गड्या.”

“रानबी तुमच्याकडनंच आलंय की, आबा,” थोरला म्हणाला. “त्येची राखण करतोय, ह्येचीबी करू.”