बुधवारचा उपवास

मंडळी, आज दुपारी कसबा बावड्याला बहिणीकडे जेवायला गेले होते. अकरावीतली भाची नुसतं पाणी पिऊन उठली.

"उपवास हाय तिचा," बहीण कौतुकानं म्हणाली. "सोमवार, गुरुवार, शुक्रवार. लई देवभोळी झालीया."

"आणि आज बुधवार कुणाचा गं?"

भाची हसली. "मावशी, तू पण की." मी तिचा हात धरला, तर भर उन्हाळ्यात गार.

"शाबूची खिचडी तरी खा."

"शाबूनं वजन वाढतंय," ती बोलून गेली.

वाढता वाढता बहिणीचा हात थांबला.

उद्या तिला डॉक्टरांकडे नेतोय. वजन उतरवायचं असलं तरी वाढत्या अंगाला रोज पुरेसं अन्न लागतंच. पण मला सोडायला जिना उतरताना तिनं भिंत धरली होती, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

तुमच्या घरात कुणाचे उपवास अचानक वाढलेत का?