गिअरमधला खंडोबा

बानू मणियारच्या उजव्या हाताला हाडं नाहीत, असं आमच्या धक्क्यावर बोललं जायचं. कुजबुजत बोललं जायचं, कारण बानूचे कान तिच्या जिभेइतकेच लांब. कुणी म्हणे, तिच्या आईने गरोदरपणी पिराचा नवस चुकवला. कुणी म्हणे, तो हात म्हणजे पाण्यातला साप आहे, झोपेत तिच्या उशाशी वेटोळं घालून बसतो. ही सापाची गोष्ट सांगणारी बाई दर सणाला बानूकडूनच बांगड्या भरून घ्यायची, आणि भरताना तो हात डोळे फाडून न्याहाळायची.

बांगड्या भरणं हा बानूचा धंदा. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावापुढे जायकवाडी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. आठवडाभर ती पेटी घेऊन आदिनाथच्या बोटीने पलीकडच्या गावांना जाते. साठी उलटली, अंग चांगलं भरलेलं, आवाज इंजिनाच्या वर. बोटीत बसायची तीही इंजिनाला खेटून, म्हणजे ओरडायला निमित्त मिळतं. बाईचा पंजा हातात घेतला की तिला त्या घरातलं सगळं कळतं. मागच्या मापाची बांगडी चढेना झाली तर सून पोटुशी. फारच सैल झाली तर सासूशी बिनसलंय. आणि जे तिला कळतं ते दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांना कळतं. मला तिचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठीच.

गेल्या नवरात्रातली खंडेनवमी. त्या दिवशी ज्याचं पोट ज्या हत्यारावर, तो त्याची पूजा करतो. आदिनाथ बोटीचं इंजिन पुजतो. त्याने नुकताच नवा गिअर बॉक्स बसवला होता आणि तो पहिल्या दिवसापासून कुरकुरत होता. म्हणून सुनील मिस्त्रीला बोलावून तेल बदलून घेतलं होतं; गिअर बॉक्सचं वरचं झाकण उघडंच होतं. आदिनाथच्या मनाने घेतलं की नुसत्या हळदीकुंकवाने हे यंत्र वठणीवर येणार नाही, याला घरचा देवच दाखवला पाहिजे.

आता नवरात्रात देव बसलेले असतात. घरातले टाक विड्याच्या पानावर मांडले की दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हलवत नाही, अंघोळसुद्धा घालत नाही. त्यात आदिनाथची आई बायडाबाई म्हणजे देवघरासमोरून मांजर गेलं तरी मांजराला जाब विचारणारी. ती कडाकण्या तळत होती तेवढ्यात या पठ्ठ्याने खंडोबाचा टाक पानासकट उचलला आणि खिशात घालून बोटीवर आणला. चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. त्यावर घोड्यावर बसलेला देव. बायडाबाईच्या सासूच्याही आधीपासून घरात असलेला, नाकडोळे झिजलेले.

पान गिअर बॉक्सच्या काठावर ठेवलं, नमस्कार केला आणि आदिनाथने इंजिनाच्या लोखंडावर नारळ हाणला. नारळ एका फटक्यात फुटला. बोट हादरली, पान घसरलं आणि खंडोबा तेलात उतरला. टुप, एवढाच आवाज.

सुनीलने आत बॅटरी मारून पाहिलं. दाट तेल आणि दातांची चाकं, दुसरं काही दिसेना. त्याने सगळं शांतपणे समजावून सांगितलं. तेल खालून सोडलं तरी त्या भोकातून टाक बाहेर येणार नाही. चांदीला लोहचुंबक धरत नाही. तार घालून ढोसलं आणि टाक दातांत गेला, तर एका फेऱ्यात देवाचा तरी चुरा, नाहीतर गिअरचा. सगळं खोलायचं तर बोट काठावर ओढावी लागणार, इंजिन उचलावं लागणार. दसरा सोडा, दिवाळीही त्यात जाणार. सुनीलने हात घालून पाहिला, बोटांच्या मुळापाशी अडकला. आदिनाथचा पंजा तर वल्ह्याएवढा. मी सल्ला दिला, हात दिला नाही.

संध्याकाळच्या आरतीला बायडाबाई देवासमोर बसणार आणि पानासकट देव नाही हे बघणार. आदिनाथच्या तोंडचं पाणी पळालं ते बोटीसाठी नव्हे.

इतक्यात बोट का सुटत नाही म्हणून बानू भांडायला आली. पलीकडे बाया सणाच्या बांगड्यांसाठी खोळंबल्या होत्या. काय झालं ते आदिनाथने तिला कानात सांगितलं. बानूच्या कानात सांगणं म्हणजे चावडीवर दवंडी देणं, हे त्याला कळत होतं. पण बुडणारा माणूस काय करील?

"चाची, आईला कळलं तर ती अन्न सोडील."

"सोडील ना. तशीच हाय ती," बानू म्हणाली आणि आत डोकावली. "सरक."

गिअरचंच तेल मनगटाला चोळून तिने उजव्या हातातल्या बांगड्या एकेक उतरवल्या. सुनीलने तिला अडवलं. लाटेने बोटीचा पाण्यातला पंखा जरासा फिरला तरी आतली चाकं फिरतील आणि बोटं जातील, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग त्याने पान्याने पंख्याचा शाफ्ट आवळून धरला, आणि पाना निसटला तर आधार असावा म्हणून आदिनाथने कपड्यांसकट पाण्यात उडी घेतली. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने पंख्याचं पातं दोन्ही हातांनी कवटाळलं.

बानू पुटपुटली, "बिस्मिल्ला." आणि हात आत घातला.

तो हात कसा गेला ते मी पाहिलंय आणि अजून मला सांगता येत नाही. आधी करंगळी तळव्याखाली गेली. मग अंगठा आडवा झोपला, आणखी झोपला, जिथे तुमचा-माझा अंगठा थांबतो त्याच्याही पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. पंजाची जणू सुरळी झाली. चाक आणि भिंत यांच्या फटीतून ती सुरळी तेलात उतरली. मनगट गेलं, कोपराची खळी काठाला टेकली.

बानू गप्प होती. इतक्या वर्षांत तिला गप्प मी पहिल्यांदा पाहिलं. बांगडी भरताना बाईला दुखू नये म्हणून ती सारखी बोलत असते. इथे दुखणारं कुणी नव्हतं. डोळे मिटलेले, चेहरा पाण्याकडे. बोटीसाठी खोळंबलेली माणसं धक्क्याच्या कडेला सरकली. खंडोबाला बानू काही नवी नाही, असं माझ्या मनात आलं. पण एरवी जो विनोद मी जन्मात सोडला नसता तो जिभेवर आलाच नाही.

"घोडा लागला," ती हळूच म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "पाय हाय घोड्याचा. दातांत न्हाई, खाली निजलाय."

नेमकी तेव्हाच बायडाबाई इंजिनाला नैवेद्य घेऊन धक्का उतरली. तिला आधी पाण्यातला मुलगा दिसला.

"आदिनाथ, पान्यात काय करतो रं?"

"अंघोळ."

"कापडांसकट?"

बानू मान न उचलता म्हणाली, "माझी बांगडी पडली आत. तो पंखा धरून उभा हाय. वरडू नको बायडा, बोटं आत हायेत."

बायडाबाई कसली थांबते? नवमीच्या दिवशी मोकळा हात घेऊन बसलीस, स्वतःची बांगडी सांभाळता येत नाही आणि जगाला भरत फिरतेस, माझ्या पोराला गारठवलंस, असं तिने बानूला सगळ्यांदेखत धुऊन काढलं. एका शब्दाला चार देणारी बानू, पण तिने एकही परत केला नाही. खाली मान घालून ती हात वर घेत होती, तेलाच्या थेंबाइतक्या सावकाश. पंजा बाहेर आला तेव्हा त्याची मूठ झाली होती.

"बघू कुठली एवढी मोलाची," बायडाबाई म्हणाली.

"फुटली. तुकडं दावू?"

"फुटली न्हाई, वाढली म्हन," बायडाबाई दचकून म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. फुटलेली बांगडी, तीही नवमीला, कोण बघेल? तेवढ्यात मूठ सुनीलच्या फडक्यात उघडली आणि मिटली.

मग बायडाबाईलाच राहवेना. बानूच्या पेटीतून हिरव्या बांगड्या काढून त्या तेलकट हातात तिने स्वतः भरल्या. त्या पाण्यात पडाव्यात तशा चढल्या. फडकं घेऊन ओलेता आदिनाथ घरी पळाला आणि दिवे लागायच्या आत देव नव्या पानावर बसला.

बानूने हे कुणाला सांगितलं नाही. एका शब्दाने नाही. ती फुटते का बघायला मी दोनदा चहा पाजून पाहिला.

फुटला तो आदिनाथच. दसऱ्याला देव उठवताना त्याने आईला सगळं सांगून टाकलं. बायडाबाईने अन्न सोडलं नाही. टाक कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिला, एकही ओरखडा नव्हता. मग पदर सावरून ती आपट्याची पानं घेऊन बानूच्या दारात गेली. मीही सोनं द्यायच्या निमित्ताने मागोमाग होतोच. तिने पानं बानूच्या उजव्या हातात ठेवली, तो हात सोडला नाही, आणि इतकी वर्षं गावाने जे मागून विचारलं ते तिने समोर विचारलं. बानूनेही सरळ सांगितलं.

बानू लहान असताना तिच्या वडिलांची संगमनेरला रसवंती होती. एकदा उसाबरोबर तिचा उजवा हात चरकात गेला. अंगठ्याच्या मुळाशी एक हाड असतं, त्याचा चुरा झाला आणि तो डॉक्टरांनी काढून टाकला. तेवढं एक हाड तिच्या हातात नाही. बाकीची सगळी आहेत.