गेला आरपार

काउंटरचं यंत्र सुरू केलं की सर उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "गेला पाहा आरपार." कोण गेला, ते मग सावकाश सांगायचे. आकाशातून येणारे वैश्विक किरण छपरातून, डोक्यातून, बाकातून थेट जमिनीत जातात. यंत्राच्या या नळीतून गेला तर टिक वाजते. आपल्यातून गेला तर काहीच वाजत नाही. हे शेवटचं वाक्य ते आवाज उतरवून म्हणत, आणि आम्ही संसारी विज्ञान शिक्षक उगाच आपापल्या अंगाकडे बघत असू.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कळमेश्वरला शिकवत होते. मे महिन्यात नागपूरच्या एका कॉलेजात आमचं तीन आठवड्यांचं शिबिर होतं आणि शिकवायला हे सर. पन्नाशीचे, अंगाने वाळलेले, शेतकरी घरातले. टिक ऐकू यावी म्हणून ते भर दुपारी कूलर बंद करायला लावत. खिडक्या मिटलेल्या, बाहेर झळा, आत फक्त ती टिक.

दर मिनिटाला किती वेळा वाजलं ते वहीत लिहायचं, एवढंच काम. दुसऱ्याच दिवशी माझा डोळा लागला आणि राहिलेले आकडे मी मनाने भरले. त्यांनी पान एकदा वरून खाली पाहिलं.

"बाई, हे तुम्ही बनवले."

मी पेनाला टोपण लावलं.

"खऱ्या आकड्यायले एवढी शिस्त नसते. कधी एकदम गर्दी, कधी मरणाची शांतता. तुमचे तर प्रार्थनेले उभे राहून राहिले."

सगळे हसले, मीही हसले. पण त्यानंतर मी डोळे उघडे ठेवून बसू लागले, आणि म्हणूनच पुढचं माझ्या नजरेस पडलं. सरांचं बोट टिक वाजल्यावर उठत नव्हतं. ते आधी उठत होतं.

तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही आधी स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेतली असती. मी वहीत वेगळा रकाना आखला: आधी बोट की आधी टिक. तीन दुपारी नोंदी केल्या. पुढचा किरण कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. माझा रकाना मात्र जवळजवळ सगळा एकाच बाजूला भरला होता.

माझं कुठे चुकलं ते सर दाखवतील, म्हणून वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे बनवलेले नाहीत ना?"

"नाही, सर."

"मले वाटे, मी ऐकून बोट उठवतो," ते म्हणाले.

मग त्यांनी यंत्राकडे पाठ केली आणि हात टेबलावर ठेवला. आम्ही सगळे भोवती उभे होतो. बोट उठलं, टिक वाजली. पुन्हा उठलं, पुन्हा वाजली. भिंतीवरच्या पालीकडे पाहावं तसे ते स्वतःच्या बोटाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मागे वळून यंत्राचं बटण बंद केलं. खोलीत काहीच वाजेना. बोट उठलं. थोड्या वेळाने पुन्हा उठलं.

यंत्र बंद आहे, सर, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

"यंत्र बंद आहे," ते म्हणाले. "किरण तर येऊनच राहिले." आणि त्यांनी डाव्या हाताने ते बोट दाबून धरलं.

पुढच्या मे महिन्यात शिकवायला दुसरे कुणी आले. सरांनी नोकरी सोडून खापरखेड्याजवळचं आपलं गाव गाठल्याचं कळलं. मी एका रविवारी सकाळी गेले. ते अंगणात सुतळीने बाज विणत बसले होते. विणता विणताच त्यांनी चौकशी केली, माझ्या वर्गातल्या मुली खरे आकडे लिहितात का विचारलं. लिहितात म्हटल्यावर मान हलवली आणि पीळ घट्ट ओढला. यंत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

त्यांच्या पत्नी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. दोन्ही हात कामात असले की त्यांना बरं वाटतं, नुसते बसले की घाबरे होतात, असं त्या म्हणाल्या. मग अंगणाकडे पाहत म्हणाल्या, "घरात आम्ही दोघंच आहो वं बाई."

भिंतीला सात नव्या बाजा टेकून उभ्या होत्या. हातातली संपवून तीही त्यांत उभी केल्यावर सरांनी आठव्या बाजेचा सांगाडा जवळ ओढला होता.