आडाचा गाळ काढला तो दिवस

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते. तोंड मात्र असं की माझ्याशी भांडणाऱ्यानं कानाला खडा लावावा. त्या दिवशी ते तोंडही गेलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा होता. वालूरकडच्या आमच्या लहानशा गावातली मोठी विहीर आटली, मग मळ्यांतल्या आटल्या. पाणी उरलं ते आमच्या बौद्ध वस्तीच्या आडात, तेही तळाला, चिखलात मिसळलेलं. ज्या आडाकडे वरच्या आळीनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्याभोवती आता सगळ्या गावाच्या घागरी. बैठक बसली आणि ठरलं, पाणी सगळ्यांना, घरटी सारखं. आडाजवळ धुणं नाही, जनावर नाही. दोन्हीकडच्यांनी मिळून गाळ काढायचा म्हणजे झरे मोकळे होतील, आणि तो गाळ शेतांत टाकायचा. ऐकायला छान होतं. मी मात्र धास्तावले, कारण आड अरुंद, आणि सडपातळ म्हणून आत उतरणार होते माझे मालक.

दोर वरच्या आळीचा. माणसाचं वजन पेलेल असा मोटेचा नाडाच तेवढा लांब होता. बैलं छावणीत गेलेली, म्हणून बैलांच्या जागी त्यांची माणसं ओढायला. आमचे बहुतेक पुरुष खडी फोडायला दुष्काळी कामावर. दोर धरणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता आबांचा थोरला. आबा म्हणजे वरच्या आळीतले काटकुळे शेतकरी, आणि ह्याच थोरल्यानं थोड्या दिवसांपूर्वी घागरीला घागर लागली म्हणून माझ्या सासूला त्यांच्या विहिरीवरून हाकललं होतं. मालक कमरेला दोर बांधत होते तेव्हा मी हळूच म्हणाले, जाऊ नका. ते हसून म्हणाले, अगं, माणसंच हायत ती. मी म्हणाले, तेच तर.

तेवढ्यात आबा ताट घेऊन आले. नारळ, हळदकुंकू आणि टोपलीत पेटती पणती. टोपली आधी आत सोडायची म्हणाले. आमच्या वस्तीनं देवदेव सोडून बरीच वर्षं झाली होती आणि त्याबाबत आम्ही कडक होतो. सोडलेली गोष्ट परत दारात आली की माणूस जरा जास्तच कडक होतो. मालकांनी टोपली बाजूला केली.

"आमच्या आडात देवाचा दिवा न्हाई सोडायचा, आबा."

"रीत हाय," एवढंच आबा म्हणाले, कारण त्यांनाही तेवढंच माहीत होतं. मला मालकांचं बोलणं आवडलंच.

मालक उतरले. चिखलाच्या काही पाट्या वर आल्या. मग खालचा खोऱ्याचा आवाज थांबला. हाक मारली, तर ओ आली नाही.

मी थोरल्याकडे पाहिलं. आता हा दोर सोडणार, असं मला अगदी खरं वाटलं. त्यानं सोडला नाही. पाय रोवून ओढत राहिला. मालक वर आले ते मान टाकून, ओठ निळे पडलेले. त्यांना उघड्यावर निजवलं, पदरानं वारा घातला. छाती हलली तेव्हा मी लाज सोडून रडले.

आबांनी कुणाला न विचारता पणती आत सोडली. निम्म्यावर गेली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा विझली. वारं कोंडलंय, कुणीतरी म्हणालं. सगळ्यांत जास्त चकित झाले होते आबाच. जन्मभर ते देवासाठी म्हणून दिवा सोडत आले होते. मालक पडल्या पडल्या त्या टोपलीकडे बघत राहिले.

मग लिंबाचे डहाळे दोरीला बांधून माणसं आडात वरखाली हलवत बसली. ऊन कलल्यावर कुठे पणती तळापर्यंत पेटती राहिली. नारळाचं नाव कुणी काढलं नाही. आता उतरायचं कुणी, म्हटल्यावर मात्र सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

आबांनी पागोटं काढून ठेवलं.

"मी उतरतो. दोर आता तुमी लोकांनी धरा."

थोरला आडवा आला, तर त्याला त्यांनी गप्प केलं. आमच्याकडे पुरुष थोडेच, म्हणून बायकांनीही दोराला हात घातला. मी शेवटच्या टोकाला होते. आबा काठावर बसले, पाय आत सोडले आणि मागे वळून पाहिलं.

"धरशील ना, माय?"

मी हो म्हणाले. थोरला समोर उभा राहून माझ्या हातांकडे बघत होता, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते मला चांगलं ठाऊक होतं. मी दोराचं टोक माझ्या कमरेला बांधून घेतलं.